आपण काय काम केले? : १९७५ च्या दहावीचा एक छोटा इतिहास

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. शाळेच्या आठवणी रंगवून लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सहल, स्नेहसंमेलन, छड्या, पावसात गळणारा शेवटचा वर्ग हे सगळे या अंकात येणारच. मी जन्मभर इतिहास शिकवला; मला फार तर इतिहास लिहिता येईल, असे म्हटल्यावर समितीतला आपला मित्र म्हणाला, "मग तोच लिही. पण दुसऱ्यांचा नको, आपला लिही."

आपला इतिहास म्हणजे कोणता, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. दहावीनंतरच्या पन्नास वर्षांत आपण सगळ्यांत जास्त वेळ कशात घालवला, तर कामात. पण त्या कामाची नोंद कुठेच नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचा धंदा लिहिलेला असतो, मुलाचा पुढे काय झाला ते नसते. म्हणून गेले दोन महिने मी फोन करून, जमेल तिथे घरी जाऊन, वर्गबंधूंना आणि भगिनींना एकच प्रश्न विचारत होतो: "सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत तू नेमके काय करायचास?" गंमत म्हणजे पहिल्या झटक्यात प्रत्येकाने हुद्दाच सांगितला. "बँकेत होतो." "टेलिफोनमध्ये होते." मग, "ते माहीत आहे, पण काम काय करायचीस?" असे विचारल्यावर थोडा वेळ शांतता, आणि नंतर तासभर बोलणे. त्या बोलण्याचा हा गोषवारा. नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. कोण ते तुम्ही ओळखालच.

एका वर्षी दोन मॅट्रिक

आपली तुकडी तशी ऐतिहासिकच. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात अभ्यास करून जो १०+२+३ चा आराखडा सुचवला, तो महाराष्ट्रात लागू होताना पहिल्यांदा आपल्यावर आला. मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी एस.एस.सी. होऊन बाहेर पडली. म्हणजे प्रत्येक जागेसाठी दुप्पट उमेदवार. त्या वर्षीच्या जूनमध्ये आणीबाणी आली. घरात मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती आणि आम्हाला एकच गोष्ट ऐकू येत होती: "कुठेतरी चिकट बाबा."

त्याच कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला होता. शिक्षणाचा हाताच्या कामाशी, शेती-कारखान्याशी संबंध असावा ही त्यामागची कल्पना. आपल्या वाट्याला कार्यानुभव म्हणून काय आले ते आठवा: खडू तयार करणे, मेणबत्त्या ओतणे आणि शाळेच्या बागेला पाणी घालणे. यात शाळेचा दोष मी काढत नाही. आपल्या शिक्षकांनी तरी शिक्षकीपेशाशिवाय दुसरे काम कुठे पाहिले होते?

शेवटच्या दिवशी वर्गशिक्षिका बाईंनी सगळ्यांना वहीच्या पानाचा चतकोर देऊन 'मोठेपणी कोण होणार' ते लिहायला सांगितले होते. मी मॉनिटर, चिठ्ठ्या गोळा करायचे काम माझ्याकडे. बाईंकडे देण्याआधी मी त्या सगळ्या वाचल्या, हे आज पन्नास वर्षांनी कबूल करतो. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, दोघातिघांचे मिलिटरी, आणि खूप जणांचे नुसते 'नोकरी' किंवा 'सरकारी नोकरी'. मी 'प्राध्यापक' लिहिले होते. माझ्या बाकावरच्या मित्राने लिहिले होते, 'मिळेल ते'. बाईंनी ती चिठ्ठी वाचून त्याला रागावले. आज वाटते, वर्गात त्या एकट्यालाच परिस्थितीची नीट कल्पना होती.

साताऱ्यातून निघणाऱ्या वाटा

आपल्यापुढे वाटा तरी किती होत्या? साताऱ्याचा इतिहास पाहिला तर या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पाठवली. अपशिंग्यासारख्या गावातून घरटी माणूस सैन्यात. जावळी-पाटणच्या डोंगराळ भागातून माणसे मुंबईला, गिरणीत किंवा गोदीत, नाहीतर बाजारात पाठीवर ओझे वाहायला. ज्यांना अकरावी-बारावी परवडत होती त्यांच्यासाठी डी.एड. किंवा बँक. हाताला वळण असलेल्यांसाठी आय.टी.आय. साताऱ्यात औद्योगिक वसाहत उभी राहत होती. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्येच स्थापन झाली आणि पुढे इथे बनलेली 'प्रिया' रस्त्यावर दिसली की आपल्याला उगीचच अभिमान वाटायचा.

बाकीच्यांसाठी दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घालायचे आणि टायपिंगचा क्लास लावायचा. एक्स्चेंजच्या कार्डाचे दर ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचे आणि 'कॉल' यायची वाट पाहायची. टायपिंगला तीसचा, मग चाळीसचा स्पीड. त्या खडखडाटात बसलेल्या कोणालाही, हे यंत्र कोणत्या कचेरीत, कोणत्या कागदासाठी बडवायचे आहे, ते माहीत नव्हते. आपण कामाची निवड केली नाही, नोकरीची केली. काम काय ते रुजू झाल्यावर कळले.

बँक: नऊने भाग जातो का ते बघ

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे. गावोगाव शाखा निघाल्या आणि आपल्यातले चारजण त्या लाटेत क्लार्क झाले. लग्नाच्या बाजारात त्यांचा भाव सगळ्यांत वर होता.

पण काम? आपला मित्र सांगतो, "सकाळी खातेदाराला पितळी टोकन द्यायचं, लेजरमधलं त्याचं पान काढायचं, सही ताडायची, रक्कम मांडायची, शिल्लक काढायची. दिवसभर हेच. खरं काम दार बंद झाल्यावर सुरू." रोजची जमा आणि नावे जुळली पाहिजेत, आणि ठरावीक काळाने सगळ्या खात्यांच्या शिलकीची बेरीज जनरल लेजरशी जुळली पाहिजे. दोन रुपयांचा फरक असला तरी तो शोधल्याशिवाय घरी जाणे नाही. त्याच्या पहिल्या हेड कॅशियरने त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलेली युक्ती: फरकाच्या रकमेला नऊने भाग जातो का ते बघ. जात असेल तर कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ झालेत. आज इतक्या वर्षांनी तो किराणा दुकानाचे बिल तपासतानाही हेच करतो.

सेव्हिंग्जचे व्याज तेव्हा दर महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर काढायचे. सहामाहीला प्रत्येक खात्याचे सहा महिने डोळ्यांनी बघायचे, हाताने मांडायचे. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर निघू लागले. पण ते गणित करायला तोवर माणूस लागत नव्हता. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यंत्रे येऊ लागली. आधी लेजर पोस्टिंगचे यंत्र, मग संगणक. तो म्हणाला, "सगळे म्हणायचे नोकऱ्या जाणार. माझी नोकरी गेली नाही, माझं काम गेलं. पुढची वीस वर्षं मी त्याच खुर्चीवर दुसरंच काम केलं, आणि ते मला कोणी शिकवलं नाही."

टेलिफोन: ऐकायचे, पण ऐकले नाही असे वागायचे

आपल्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी, जिने चिठ्ठीवर 'डॉक्टर' लिहिले होते, ती टेलिफोन ऑपरेटर झाली. या जागा मॅट्रिकच्या गुणांवर भरत. घरी तीन बहिणी. कॉलेजला नाही म्हटले, नोकरीला हो म्हटले.

एस.टी.डी. देशात १९६० पासून होती, पण आपल्याकडच्या बहुतेक फोनसाठी ट्रंक कॉल लावावा लागे. तिच्यासमोर बोर्ड, त्यात ओळीने भोके, प्रत्येकावर एक बारीक दिवा. दिवा लागला की त्यात दोरीची पिन खोचायची, "नंबर प्लीज". कोणाला कुठला नंबर हवा ते चिठ्ठीवर लिहायचे. साधा, अर्जंट की लाइटनिंग. ठरावीक माणसालाच बोलवायचे असेल तर पी.पी. मग पुण्याच्या किंवा मुंबईच्या ऑपरेटरकडे लाइन मागायची. लाइन मिळाली की दोन्ही टोके जोडायची आणि घड्याळाकडे बघून चिठ्ठीवर वेळ टाकायची. तीन मिनिटे झाली की मध्ये पडून सांगायचे. हे सगळे कानाला हेडफोन लावून, शेजारी आणखी तीनचारजणी हेच बोलत असताना.

"मला सगळ्यांत अवघड काय गेलं सांगू?" ती म्हणाली. "कॉल लागलाय का बघायला लाइनवर यावंच लागायचं. त्यात कानावर पडायचं. आमच्या गल्लीतल्या एका घरचा माणूस मुंबईत वारला, तो निरोप माझ्या हातून गेला. संध्याकाळी त्यांच्या दारावरून घरी आले, तर माणसं जमायला लागली होती. आई विचारते, काय झालं गं तिथे? मी म्हटलं, काय माहीत." टेलिग्राफ कायद्याने गुप्तता पाळायचे बंधन होते. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी ते घरातसुद्धा पाळत होती, आणि आपण तिला 'हॅलो हॅलो' म्हणून चिडवत होतो.

आपोआप चालणारी एक्स्चेंजे आली, ट्रंक बोर्ड बंद झाला. तिला बिलांच्या खिडकीवर बसवले. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची बी.एस.एन.एल. झाली, ती तिथूनच निवृत्त झाली. तिचे अक्षर अजून तसेच आहे, चिठ्ठीच्या चौकटीत बसेल असे.

फिटर: सहा आठवडे कानस

आय.टी.आय.ला गेलेल्यांना आपण मनातून कमी लेखत होतो, हे खरे आहे. फिटर झालेल्या मित्राने पहिले सहा आठवडे फक्त एक लोखंडी तुकडा कानसला. व्हाइसमध्ये धरायचा, कानस मारायची, गुण्याला लावून उजेडात बघायचे. खालून उजेड दिसला की पुन्हा. "हात दुखायचे, रडू यायचं. सर म्हणायचे, लोखंड नाही घासत तू, तुझा हात सपाट करतोयस." दोन वर्षांचा कोर्स, मग १९६१ च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिसशिप, त्यानंतर कारखाना. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा हा माणूस पुढे स्वतःच्या हिंमतीवर सी.एन.सी. मशीन शिकला. "प्रोग्रॅम कोणीही लिहील. पण जॉब बिघडला तर आवाजावरून कळतं, ते कानशीमुळे," असे तो म्हणतो. आमच्यात सगळ्यांत कमी 'बदललेला' तोच. यंत्र बदलले, पण त्याचे मूळ काम, म्हणजे माप, त्याच्याकडून कोणी काढून घेतले नाही.

गिरणी आणि माथाडी

'मिळेल ते' लिहिणाऱ्याला खरोखरच मिळेल ते करावे लागले. १९७७ मध्ये तो काकांबरोबर मुंबईला गेला. लालबागच्या एका खोलीत गावाकडची वीसेक माणसे. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायला जागा पुरायची. जेवण खानावळीत. गिरणीत तो 'बदली' होता. याचा अर्थ असा की पाळीच्या आधी गेटवर हजर राहायचे; कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्या दिवसापुरते काम, नाहीतर परत. महिन्यात किती दिवस भरतील याचा नेम नाही. आत लूम खात्यात इतका आवाज, की माणसे ओठांवरून बोलणे ओळखत. तो आजही समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलतो, ते त्यामुळे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बदली कामगारांना कायम करा ही मागण्यांपैकी एक होती, म्हणजे ती त्याचीच मागणी होती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. आपला मित्र गावी आला, दोन पावसाळे शेतात राबला आणि पुन्हा मुंबईला गेला, या वेळी धान्याच्या बाजारात. मेव्हण्याच्या ओळखीने टोळीत नाव लागले. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. "ताकद लागत नाही, चाल लागते," तो म्हणाला. "पाय अडखळला की कंबर गेली."

इथे इतिहासाचा शिक्षक म्हणून मी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अण्णासाहेब पाटलांसारख्या माणसांनी झगडून १९६९ चा माथाडी कायदा करून घेतला होता. त्यामुळे हमालाची मजुरी मंडळामार्फत जमा होऊ लागली. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा हे शब्द त्याला मिळाले. ज्या कामाला आपण चिठ्ठीवर लिहायलाही लाजलो असतो, त्या कामाने त्याची दोन मुले शिकली. आणि गिरणीतली 'प्रतिष्ठेची' नोकरी त्याला पाच वर्षांत कधी कायम झाली नाही.

रजिस्टरमध्ये नसलेले काम

वर्गातल्या निम्म्या मुलींच्या नावापुढे यादीत 'गृहिणी' लिहिले होते. समितीने माझ्याकडे यादी दिली तेव्हा मीही ती तशीच पुढे ढकलणार होतो. पण प्रश्न सगळ्यांना विचारायचा ठरवला होता, म्हणून त्यांनाही विचारला. एकीने पंचवीस वर्षे चार म्हशी सांभाळल्या. पहाटे चारला उठणे, धार, डेअरीच्या काट्यावर दूध घालणे, फॅटचा आकडा वहीत उतरवणे, दहा दिवसांच्या पगारातून पेंडीचे पैसे वळते करणे. आकडा कमी लागला की पाणी बदलले, चारा बदलला की म्हैस आजारी, हे ती फॅटवरून सांगते. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे यादीत 'शेती व दुग्धव्यवसाय' आहे. या स्मरणिकेच्या यादीत तिच्याही नावापुढे तेच छापावे, अशी मी समितीला विनंती केली आणि ती मान्य झाली, याचा मला आनंद आहे.

माझी चूक

आता जे लिहायचे म्हणून हा लेख घेतला, ते लिहितो.

मी प्राध्यापक झालो नाही, माध्यमिक शाळेत शिक्षक झालो. ऐंशीच्या दशकात व्यवसाय मार्गदर्शनाचे एक छोटे प्रशिक्षण घेतले आणि शाळेत 'करिअर मास्तर' म्हणून माझी नेमणूक झाली. एका कपाटात माहितीपत्रके, भिंतीवर 'दहावीनंतर काय?' असा तक्ता. दर जूनमध्ये पालक यायचे.

अशाच एका जूनमध्ये आपल्याच वर्गातला एकजण मुलाला घेऊन आला. तुम्हाला तो आठवत असेल, ज्याचे अक्षर फळ्यावर सुविचार लिहायला घ्यायचे. तो छापखान्यात कंपॉझिटर होता. वयाच्या विसाव्या वर्षी लग्न झाले, मुलगा दहावी पास झालेला. आता मुलाला आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनला जागा मिळत होती. पण छापखान्याचा मालक म्हणत होता, तुझ्या हाताखाली आण, घरातला माणूस बरा. काय करू?

मी तक्त्याकडे बघून आत्मविश्वासाने सांगितले, "छपाई कधी बंद पडणार नाही. शाळा आहेत तोवर पुस्तके आहेत, लग्ने आहेत तोवर पत्रिका आहेत." मुलाने आय.टी.आय.ची जागा सोडली.

माझे वाक्य खरे होते. छपाई बंद पडली नाही. पण तो छपाई करत नव्हता, तो खिळे जुळवत होता, आणि हे दोन्ही एकच नाही हे मला माहीत नव्हते, कारण मी कधी त्याच्या छापखान्यात पाऊल ठेवले नव्हते.

ते काम काय असते ते मी या वर्षी त्याच्याकडून समजून घेतले. पुढ्यात घरे पाडलेल्या लाकडी केसेस. मराठीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरे लागतात: अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खिळा उचलायचा. खिळ्याला एका बाजूला खाच असते. अंगठ्याला ती लागली की खिळा सुलटा, बघावे लागत नाही. अक्षर आरशात दिसावे तसे उलटे. ओळ भरली की शब्दांमधली जागा सारखी करायची, मजकूर गॅलीत घ्यायचा, दोऱ्याने बांधायचा, प्रूफ काढायचे, चिमट्याने चुका दुरुस्त करायच्या, मग फर्मा आवळून मशीनवर. आणि छापून झाले की काम संपत नाही. प्रत्येक खिळा धुऊन पुन्हा आपापल्या घरात सोडायचा. एक खिळा चुकीच्या घरात पडला तर उद्याच्या लग्नपत्रिकेत भलतेच अक्षर येणार. लग्नसराईत आणि निवडणुकीत रात्र रात्र उभे राहून हे चालायचे.

तेव्हा पुण्याच्या छापखान्यांत संगणकावर मजकूर जुळवणे सुरू झालेले होते. चारपाच वर्षांत ते साताऱ्यात आले. एका सकाळी मालकाने खिळे वजनावर विकले, शिशाच्या भावाने. बाप आणि मुलगा एकाच दिवशी घरी बसले. ज्याने ती इलेक्ट्रिशियनची जागा घेतली तो मुलगा वीज मंडळात लागला. आपल्या मित्राने पुढे साठी उलटेपर्यंत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काम केले. मुलगा पुण्याला गेला, श्रीलिपीवर टाइप करायला शिकला. जोडाक्षरांची आणि प्रुफाची नजर बापाकडून मिळालेली होती, ती उपयोगी पडली. आज त्याचे छोटेसे डी.टी.पी. सेंटर आहे. या स्मरणिकेची अक्षरजुळणी त्यानेच केली आहे. पण मधली सातआठ वर्षे त्या घराने काय सोसले ते मला माहीत आहे, आणि ती वर्षे माझ्या एका वाक्याने आली.

मार्चमध्ये मी त्याच्या घरी गेलो आणि हे सगळे त्याच्यापाशी बोललो. माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सल्ला चुकतो रे, कोणाचाही चुकतो. पण तू एकदा प्रेसमध्ये येऊन अर्धा तास उभा राहिला असतास, तर मालकाच्या टेबलावर पुण्याहून आलेली कॉम्प्युटरची पत्रिका तुला दिसली असती. मला मान वर करायला वेळ नव्हता. तुला होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही.

मग आता काय?

आजच्या मुलांना माहितीची कमतरता नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. मोबाइलवर हजार अभ्यासक्रम दिसतात. पण माझी नात 'डेटा' मध्ये जायचे म्हणते तेव्हा मला आपल्या चिठ्ठ्या आठवतात. शब्द नवा आहे, त्यामागचा दिवस कसा असतो ते तिलाही माहीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे असे म्हटले आहे. सुतार, माळी, कुंभार अशी उदाहरणेही दिली आहेत. कार्यानुभवाचीच ही पुढची पिढी. ती पुन्हा खडू आणि मेणबत्तीवर थांबू नये, असे वाटत असेल तर कोणीतरी आपले दार उघडले पाहिजे.

म्हणून मेळाव्यात मी एक सूचना मांडणार आहे. शाळेला आपण पंखे आणि संगणक देणारच आहोत. त्याबरोबर आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातला एक दिवस द्यावा. भाषण करायचे नाही. आपले काम मुलांना दाखवायचे, ते काम उरले नसेल तर त्याच कामाची आजची जागा दाखवायची. आणि मुलांनी कामाच्या माणसाला चार प्रश्न विचारायचे. दिवसभर हातांनी आणि डोक्याने नेमके काय करता? हे शिकायला किती काळ गेला? यात शरीराचे काय झिजते? आणि तुम्ही सुरुवात केलीत तेव्हापासून यातले काय गेले, काय उरले? चौथा प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर पुरे होते.

माझी वही अजून अपुरी आहे. सैन्यातल्या तिघांशी, एस.टी.तल्या कंडक्टरशी आणि नर्स झालेल्या दोघींशी बोलणे व्हायचे आहे. जे आपल्यातून गेले त्यांचे काम त्यांच्या घरच्यांकडून लिहून घ्यायचे आहे. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर मी शाळेमागच्या पिंपळाच्या पारावर वही घेऊन बसणार आहे. हुद्दा मला माहीत आहे. काम काय केलेत ते सांगायला या.